चौथाईला क्रियापद कोणतं?

अठराव्या शतकातल्या मराठ्यांबद्दल इंग्रजीत लिहिताना एक वाक्य हमखास लिहावं लागतं: मराठ्यांनी अमुक प्रांतातून चौथाई घेतली. मराठीत 'घेतली' म्हटलं की भागतं. इंग्रजीत मात्र लिहिणाऱ्याला तिथं थांबावं लागतं, कारण इंग्रजीच्या इतिहासलेखनात या एका जागी तीन क्रियापदं आलटून पालटून येतात. मराठ्यांनी चौथाई 'लेव्ही' केली, 'एक्झॅक्ट' केली किंवा 'एक्स्टॉर्ट' केली. रक्कम तीच, प्रांत तोच, घोडेस्वारही तेच. पण पहिल्या वाक्यातले मराठे कर बसवणारी सत्ता आहेत, दुसऱ्यातले कठोर वसुली करणारे आहेत आणि तिसऱ्यातले गुन्हेगार. पुरावा न बदलता निकाल बदलतो, आणि तो फक्त क्रियापदामुळे.

चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे त्याखेरीज महसुलाचे आणखी दहा टक्के. १७१९ साली मोगल बादशहाच्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांमधला हा हक्क शाहू महाराजांना मिळाला. बदल्यात पंधरा हजार स्वार बादशाही चाकरीसाठी ठेवायचं कलम होतं. म्हणजे सनदेनंतर त्या सुभ्यांबद्दल 'लेव्ही' किंवा 'कलेक्ट' म्हणायला कागदाचा आधार आहे. सनद नसलेल्या मुलखातून, फौज दाराशी उभी करून घेतलेल्या रकमेला 'एक्झॅक्ट' शोभतं. 'एक्स्टॉर्ट' वापरायचं असेल तर आधी हक्कच नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. बरेच जण ती जबाबदारी न घेता शब्द वापरून मोकळे होतात. आपल्याकडचे अनुवादक मग तिन्हींसाठी 'वसूल केली' लिहितात आणि मूळ लेखकाचा कल वाचकापर्यंत पोचतच नाही.

'वसूल' हा मूळचा अरबी शब्द, त्याचा अर्थ पोचणं. पैसा पोचला, एवढंच तो सांगतो. तो हक्कानं आला की दमदाटीनं, याबद्दल तो गप्प राहतो. म्हणूनच तो घरपट्टीलाही चालतो आणि हप्त्यालाही. इंग्रजीत इतका सोशिक शब्द 'कलेक्ट' हाच काय तो आहे. त्या घराण्यातली बाकीची क्रियापदं काही ना काही बोलतातच.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एक्झॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट आणि एक्स्टॉर्ट या तिघांत. तिन्हींच्या सुरुवातीला लॅटिनमधला 'बाहेर' हा उपसर्ग आहे, फरक पुढच्या धातूत आहे. एक्झॅक्टमध्ये हाकणं आहे, म्हणजे हाकून बाहेर काढणं. एक्स्ट्रॅक्टमध्ये ओढणं आहे. दाढ उपटणाऱ्या डॉक्टरचं क्रियापद तेच, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याला इंग्रजीत जे नाव आहे तेही त्याचंच नाम. एक्स्टॉर्टमध्ये पिळणं आहे. टॉर्चर आणि टॉर्क त्याच धातूची पोरं. हे डोळ्यांसमोर ठेवलं की वापर आपोआप उलगडतो. एक्स्ट्रॅक्ट करायला कष्ट पडतात: माहिती, कबुली, सवलत, चिवटपणे काढून घेतलेली. एक्स्टॉर्ट करताना समोरच्याला भीतीनं किंवा वेदनेनं पिळलेलं असतं. एक्झॅक्टमध्ये अधिकार असो नसो, मागणाऱ्याचा वरचष्मा असतो आणि तो सूट देत नाही. 'अचूक' या अर्थाचं विशेषण एक्झॅक्ट याच लॅटिन क्रियापदातून आलं आहे. त्या क्रियापदाचा एक अर्थ मोजून, तोलून पाहणं असाही होता. पैपैचा हिशेब घेणारा सावकार आणि अचूक मोजमाप, दोन्ही अर्थ एकाच मुळावर फुटलेले आहेत.

एक्झॅक्ट हे वाईटच क्रियापद आहे, असा एक समज पक्का बसलेला दिसतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, तुम्हाला ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त 'एक्झॅक्ट' करू नका. म्हणजे ठरवून दिलेलं एक्झॅक्ट करायला हरकत नव्हती. लगेच पुढच्या ओवीत शिपाई तोच प्रश्न विचारतात, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद येतं त्याचा शब्दशः अर्थ गदागदा हलवणं. अलीकडचे अनुवादक तिथं 'एक्स्टॉर्ट' वापरतात. आजच्या बोली इंग्रजीत गुंडांच्या वसुलीला 'शेक डाउन' म्हणतात, तेव्हा झाड हलवून फळं पाडायचं तेच चित्र पुन्हा उभं राहतं. जकातदाराला एक शब्द आणि शिपायाला दुसरा, ही निवड फार विचारानं झालेली वाटते: एकाकडे अधिकार आहे आणि त्याला मर्यादा सांगायची आहे, दुसऱ्याला हे करायचा अधिकारच नाही.

एक्झॅक्टचे सोबती शब्द ठरलेले आहेत. ट्रिब्यूट, रिव्हेंज, प्रॉमिस, प्राइस आणि टोल. यातल्या शेवटच्या दोघांनी मराठी वर्तमानपत्रांचं बरंच नुकसान केलं आहे. 'दुष्काळानं मोठी किंमत वसूल केली' असं वाक्य छापून येतं. दुष्काळ काही वसूल करत नाही. मराठीत किंमत माणसं मोजतात: 'दुष्काळाची मोठी किंमत मोजावी लागली'. इंग्रजीत संकट कर्ता होतं, मराठीत सोसणारा पुढे येतो. अनुवाद करताना वाक्याची ही उलटापालट केलीच पाहिजे.

आता व्याकरण, कारण खरी घसरगुंडी तिथं आहे. या क्रियापदांचे तीन तट आहेत. पहिल्या तटात कर्म पैसा असतो आणि माणसाला 'फ्रॉम' लागतं: एक्झॅक्ट, एक्स्टॉर्ट, एक्स्ट्रॅक्ट, कलेक्ट, रिकव्हर, डिमांड, रिंग (म्हणजे पिळणं), स्क्वीझ. दुसऱ्यात रक्कम माणसावर ठेवली जाते, म्हणून 'ऑन': लेव्ही, इम्पोज. तिसऱ्यात माणूसच थेट कर्म होतो आणि त्याच्यामागं काहीही लागत नाही: चार्ज, फाइन, बिल, टॅक्स, ब्लॅकमेल. मराठीतही नेमके हेच तीन तट आहेत. त्याच्याकडून उकळले, त्याच्यावर लादला, त्याला दंड केला. कडून, वर, ला. त्यामुळे मराठी माणसाला हे अवघड जायला नको, आणि बहुतेक ठिकाणी जातही नाही.

अडतं ते फक्त तिथं, जिथं मराठीचा तट आणि इंग्रजीचा तट वेगळा पडतो. चार्ज हे त्यातलं पहिलं. 'रिक्षावाल्यानं माझ्याकडून तीनशे रुपये घेतले' हे डोक्यात असतं आणि लेखणीतून उतरतं 'ही चार्ज्ड थ्री हंड्रेड रुपीज फ्रॉम मी'. चार्जला फ्रॉम चालत नाही. 'ही चार्ज्ड मी थ्री हंड्रेड रुपीज' एवढंच, आणि कशाबद्दल ते सांगायचं तर 'फॉर'. कारण मूळ शब्दात गाडीवर माल लादण्याची कल्पना आहे. उत्तर लॅटिनमध्ये गाडीला जो शब्द होता त्यावरून 'गाडी भरणं' असं क्रियापद झालं, आणि त्यातून फ्रेंचमार्गे चार्ज आला. ओझं ज्याच्यावर ठेवायचं तोच कर्म. बंदुकीत दारू भरणं, बॅटरीत वीज भरणं आणि माणसावर आरोप ठेवणं, सगळं एकाच लादण्यातलं. आरोपाच्या अर्थात मात्र 'विथ' येतं, म्हणून 'चार्ज्ड विथ फाइव्ह हंड्रेड रुपीज' लिहिलं तर पाचशे रुपये हा त्या माणसावरचा आरोप वाटतो.

मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी हे ओझं बरोबर ओळखलं होतं. सरचार्जला 'अधिभार' हा प्रतिशब्द त्यांनी दिला, वरचा भार. साध्या चार्जला मात्र त्यांनी 'आकार' हा जुना महसुली शब्द घेतला. वीजबिलावर 'स्थिर आकार', 'वहन आकार' दिसतात तो हाच, आणि सातबाऱ्यावर शेतसाऱ्याचा आकडा ज्या रकान्यात असतो तिथलाही हाच. जमिनीची आकारणी आणि विजेचा आकार एकाच शब्दानं सांगता येतात, हे मला मराठीचं वैभव वाटतं. इंग्रजीला त्यासाठी असेस आणि चार्ज अशी दोन क्रियापदं वेगळी ठेवावी लागतात.

दुसरी अडचण डिमांडची. 'दे डिमांडेड फॉर डाउरी' हे वाक्य आपल्याकडच्या अर्जांत सर्रास आढळतं. नामाला फॉर लागतं: 'अ डिमांड फॉर डाउरी'. क्रियापदाला लागत नाही: 'दे डिमांडेड डाउरी'. नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटतं, शिवाय 'हुंड्याची मागणी केली' या मराठी रचनेत मागणी हे नामच असल्यानं ते आणखी घट्ट बसतं. माणसाला डिमांडचं कर्मही करता येत नाही. 'डिमांडेड मी फाइव्ह लाख' चुकीचं, 'डिमांडेड फाइव्ह लाख फ्रॉम मी' बरोबर. आणि फाइनच्या मागं 'विथ' लावू नये. 'दे फाइन्ड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज' एवढंच. गंमत अशी की फाइनचं मूळ लॅटिनमधल्या 'शेवट' या शब्दात आहे: रक्कम भरून तंटा संपवायचा. मराठीत 'खंडणे' म्हणजे ठरवून, तोडून टाकणं. एकरकमी ठरवलेल्या भाड्यानं जमीन कसायला देतात त्याला आजही 'खंडानं देणं' म्हणतात. खंडणीही अशीच, बोलणी करून तोडलेली रक्कम. बखरींतली खंडणी एक राजा दुसऱ्या राजाला देतो, ती ट्रिब्यूट. आजच्या वर्तमानपत्रातली खंडणी बिल्डरकडे फोनवरून मागितली जाते, ती एक्स्टॉर्शन. शब्द तोच राहिला आणि सिंहासनावरून पोलीस ठाण्यात आला. म्हणून बखरीतली 'खंडणी' इंग्रजीत नेताना आजचा अर्थ तिच्या डोक्यावर घालू नये.

इंग्रजीत ब्लॅकमेलचा प्रवास असाच झाला आहे. यातला 'मेल' टपालाचा नाही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत मेल म्हणजे खंड, भाडं. सोळाव्या शतकात सरहद्दीवरच्या टोळ्या शेतकऱ्यांकडून गुरं न पळवण्याबद्दल जी रक्कम घेत ती ब्लॅकमेल. संरक्षणाची पट्टीच ती. गुपित फोडायची धमकी हा अर्थ पुष्कळ नंतरचा. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात ब्लॅकमेलची व्याख्या अजूनही धमकीसह केलेली गैरवाजवी मागणी अशी आहे. गुपिताचा त्यात उल्लेखही लागत नाही.

भारतीय कायद्यातलं एक्स्टॉर्ट फार नेमकं आहे आणि बातमी लिहिणाऱ्यानं ते समजून घ्यायलाच हवं. १८६० च्या दंड संहितेचं कलम ३८३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. घटक असे: इजेची भीती घातली पाहिजे, ती हेतुपुरस्सर हवी, आणि त्या भीतीपोटी समोरच्यानं अप्रामाणिकपणे मागितलेली वस्तू स्वतःहून हवाली केली पाहिजे. शेवटचा घटक महत्त्वाचा. चोर घेतो, एक्स्टॉर्ट करणारा द्यायला लावतो. म्हणून पैसे मिळालेच नाहीत तर 'एक्स्टॉर्टेड फाइव्ह लाख' लिहिणं चूक आहे. 'डिमांडेड' किंवा 'ट्राइड टु एक्स्टॉर्ट' लिहावं. मराठीत हा फरक 'खंडणी मागितली' आणि 'खंडणी उकळली' असा सहज होतो, पण इंग्रजीत जाताना दोन्ही वाक्यं एकाच शब्दात कोंबली जातात. शिवाय एक्स्टॉर्टचं कर्म पैसा, माणूस नाही. अमेरिकी बातम्यांत हल्ली माणूस कर्म झालेला दिसतो, पण अर्जात आणि तक्रारीत जुनी रचनाच सुरक्षित.

कराच्या प्रांतात लेव्ही आणि कलेक्ट वेगळे ठेवावे लागतात. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ म्हणतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लेव्हीही होणार नाही आणि कलेक्टही होणार नाही. दोन क्रियापदं उगाच नाहीत. लेव्ही म्हणजे कर बसवणं, मूळ अर्थ उचलणं, उभारणं; म्हणून जुन्या इंग्रजीत फौजाही लेव्ही होतात आणि युद्धही. कलेक्ट म्हणजे प्रत्यक्ष हातात घेणं. अनुच्छेद २६८ मध्ये तर संघराज्यानं लेव्ही केलेली आणि राज्यांनी कलेक्ट केलेली अशी शुल्कं आहेत. दोघांना मराठीत 'वसूल' म्हटलं की अनुच्छेदच कोसळतो. बसवणं आणि वसूल करणं, ही जोडी पाळावी.

लेव्ही हा शब्द महाराष्ट्राला कायद्याच्या पुस्तकाबाहेरही चांगला माहीत आहे. सरकारला ठरलेल्या भावानं द्यावं लागायचं ते धान्य म्हणजे लेव्ही. २०१३ पर्यंत साखर कारखान्यांनी रेशनसाठी द्यायची साखर म्हणजे लेव्हीची साखर. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मालकानं मजुरीवर मंडळात भरायची टक्केवारी, तीही लेव्हीच. या सगळ्यांत आदेशाचा धाक आहे पण गुन्ह्याचा वास नाही. इंग्रजी शब्दाची नेमकी छटा हमालापर्यंत आणि शेतकऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोचली, असं फार थोड्या शब्दांचं होतं.

दिलं गेलं नाही तर पुढची क्रियापदं येतात. रिकव्हर म्हणजे आपलंच होतं ते परत मिळवणं; हे क्रियापद लिहिताच मागणाऱ्याची बाजू मान्य केली जाते. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम, चौदा दिवसांत दिली नाही तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्र, काढतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. तिथं रिकव्हरच हवं, कारण ऊस शेतकऱ्याचा होता. सावकारी ॲपनं धमक्या देऊन घेतलेल्या चक्रवाढ रकमेला रिकव्हर म्हणू नये, त्यांच्या पत्रात ते कितीही वेळा आलेलं असलं तरी. अटॅच म्हणजे मालमत्तेवर टाच आणणं. हा वापर भारतीय इंग्रजीत रोजचा आहे. ब्रिटिश वाचकाला 'सीझ' किंवा 'फ्रीझ' जास्त ओळखीचं. टाच आणि अटॅच यांचे उच्चार जुळतात, पण उच्चारावरून नाती जोडू नयेत. डिस्ट्रेन म्हणजे पैसे येईपर्यंत गुरं, भांडी, जंगम वस्तू अडकवून ठेवणं. आणि गार्निश. हे क्रियापद पाहून पोह्यांवरची कोथिंबीर आठवते, तरी शब्द एकच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे सज्ज करणं आणि सावध करणं असे दोन्ही अर्थ होते. सज्ज करण्यातून सजावट आली, सावध करण्यातून नोटीस: कर्जदाराचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्या तिसऱ्या माणसाला कोर्ट सांगतं, ते त्याला देऊ नका. अमेरिकेत पगार 'गार्निश' होतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये त्या तिसऱ्या माणसाला 'गार्निशी' म्हणतात.

याच्याही आधीची पायरी म्हणजे डन. उच्चार 'झालं' या अर्थाच्या डनसारखाच, अर्थ तगादा लावणं. सतराव्या शतकापासूनचा शब्द. लिंकनच्या जो डन नावाच्या कोणा वसुली अधिकाऱ्यावरून तो आला अशी एक गोष्ट सांगतात, तिला आधार नाही. बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेला होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं त्याला पुन्हा जिवंत केलं. सॅपसारखं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांत 'डनिंग लेव्हल' ठरवता येतात: पहिल्या पातळीला नम्र आठवण, मग पातळी चढेल तशी भाषा कडक, शेवटी कायदेशीर कारवाईचा इशारा. ही पत्रं लिहिताना क्रियापदांची चढण सांभाळावी लागते. रिमाइंड, रिक्वेस्ट, अर्ज (आग्रह करणं या अर्थाचं इंग्रजी क्रियापद), कॉल अपॉन, डिमांड. पहिल्याच पत्रात डिमांड लिहिलं तर पुढं जायला जागा उरत नाही. उलट चेक परत आल्यावरच्या नोटिशीत रिक्वेस्टवर थांबू नये. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी 'डिमांड' करायची असते, मग समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्या नोटिशीत चेकच्या रकमेची स्पष्ट मागणी असायलाच हवी. सभ्यपणा म्हणून 'काइंडली लुक इन्टु द मॅटर' लिहिणाऱ्याची केस तिथंच लंगडी होते.

बोलीतल्या क्रियापदांना फार वेळ द्यायला नको; तिथं चित्रच बोलतं. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर उतरवणं, मिल्क म्हणजे दूध काढणं, ब्लीड म्हणजे रक्त काढणं, गाउज म्हणजे खरवडून काढणं. मराठीचं चित्रदालन वेगळं आहे: उकळणं, पिळणं, भादरणं, नागवणं, ओरबाडणं. इंग्रजी भादरते मेंढीला, मराठी माणसालाच. अनुवादात चित्र बदललं तरी चालेल, तीव्रता बदलू नये: फ्लीसला भादरणं पुरतं, ब्लीडला नागवणं लागतं.

दरवर्षी भाद्रपदाच्या आधी हा सगळा प्रश्न दारातच येतो. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला मंडळांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. मुलं पावतीपुस्तक घेऊन आली आणि माणसानं खुशीनं दिलं, ते 'कलेक्ट'. आकडा पावतीवर आधीच लिहून आणला आणि हटून बसले, ते 'प्रेस'. दुकानाचं शटर उघडू देणार नाही असं सांगितलं आणि दुकानदारानं घाबरून दिले, ते 'एक्स्टॉर्ट'. अशा वेळी इंग्रजीत तक्रार लिहिणाऱ्यानं क्रियापद निवडत बसू नये. किती मागितले, कोणत्या शब्दांत धमकावलं, किती दिले, कोणाच्या हातात दिले, पावती मिळाली का, हे त्याच क्रमानं 'डिमांडेड', 'थ्रेटन्ड', 'पेड' अशा साध्या शब्दांत लिहावं. कलम ३०८ चे घटक त्या तीन शब्दांत आपोआप भरतात, आणि पुढचं मोठं क्रियापद लिहायचं काम तपास अधिकाऱ्याचं.